व्यायामाचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवायचाय? सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी फाईल बाहेर येते का बघा

खानापूरकडच्या एका दादांनी विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगतो म्हंजे बाकीच्यांनाही कळेल. वय ४६, बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत शिफ्ट ड्युटी, आठवड्यातनं तीन दिवस जिम, दोन दिवस रनिंग आणि रविवारी जमलं तर जांबोटी रोडनं सायकल. हातात स्वस्तातला एक फिटनेस बँड आहे, पण मोबाईलवर बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून सगळं घरच्या कॉम्प्युटरवर मोठ्या स्क्रीनला बघायचंय. वहिनी बीपीची गोळी घेतात आणि रोज चालायला जातात, त्यांचंही त्यातच ठेवायचंय. पोरगा लष्कर भरतीची तयारी करायलाय. आणि जिममधलं कोणतरी वर्षाचे पैसे भरून अमुक ॲप घ्याच म्हणून मागं लागलंय, ते घ्यावं का?

नको. निदान आत्ता तरी नको. वजनाच्या व्यायामाला एक साधी शीट ठेवा, एक्सेल असेल तर एक्सेलमध्ये नाहीतर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे त्यात. रनिंग आणि सायकलला गोल्डनचीता नाहीतर मायटूरबुक, दोन्ही फुकट, दोन्ही कॉम्प्युटरवरच चालतात. बँडवर पावलं आणि झोप बघा, त्याच्या पुढं त्याला काही विचारू नका. उत्तर एवढंच, आता हे का म्हणतो ते सांगतो कारण लोक शेवटी नाव बघूनच घेतात आणि सहा महिन्यांनी परत हितंच येऊन विचारतात.

माझ्याकडं जिमात आणि रनिंगच्या ग्रुपात जे लोक येतात ते सॉफ्टवेअर निवडताना पहिलं काय बघतात तर दिसायला कसं आहे, ग्राफ रंगीत आहेत का, मित्र कुठलं वापरतोय. मी पहिलं बघतो माझा डेटा बाहेर काढता येतो का. एक्सपोर्टचं बटन कुठं आहे, त्यातनं कुठली फाईल येते आणि ती फाईल दुसऱ्या प्रोग्रॅमात उघडते का. कारण कंपन्या येतात आणि जातात. एंडोमोंडो हे रनिंगची नोंद ठेवायचं ॲप आठवतंय का, आपल्याकडं पण बरेच जण वापरायचे, अंडर आर्मरनं २०१५ ला विकत घेतलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनं बँड काढला, त्याचा हेल्थ डॅशबोर्ड ३१ मे २०१९ ला बंद. स्पोर्टट्रॅक्स म्हणून विंडोजवरचं एक नंबर सॉफ्टवेअर होतं, त्यांनी पण सगळा मोर्चा वेबकडं वळवला आणि डेस्कटॉपवाले तसेच राहिले. ज्यांनी फाईली काढून ठेवल्या होत्या त्यांनी दुसरीकडं संसार मांडला, ज्यांनी काढल्या नाहीत त्यांची वर्षांची मेहनत गेली, म्हंजे अंगातली मेहनत कुठं जात नाही म्हणा, पण नोंद गेली. जुलै २०२० ला गार्मिन ह्या घड्याळवाल्या कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) हल्ला झाला तेव्हा त्यांचं गार्मिन कनेक्ट काही दिवस बंदच होतं. लोक घड्याळ हातात घेऊन बसलेले. पण ज्यांना माहीत होतं त्यांनी घड्याळ यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला लावलं, आतल्या ॲक्टिव्हिटी फोल्डरमधनं फाईल उचलली आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरात टाकली, त्यांचं काही अडलं नाही.

तर फाईलीचे तीन प्रकार तेवढे लक्षात ठेवा. जीपीएक्स म्हंजे रस्ता, कुठल्या वेळेला कुठं होता आणि किती उंचीवर, जवळजवळ सगळीकडं उघडते. टीसीएक्समध्ये त्याच्यासोबत लॅप आणि हार्टरेट नीट बसतं. फिट ही गार्मिनकडनं आलेली, आता बरीच घड्याळं आणि सायकल कॉम्प्युटर तीच देतात, साईजला लहान आणि माहिती सगळ्यात जास्त. मिळत असेल तर फिट घ्या, नसेल तर टीसीएक्स, काहीच नसेल तर जीपीएक्स. आणि जिमच्या नोंदीला सीएसव्ही, जी कुठल्याही शीटमध्ये उघडते. ज्या ॲपमध्ये एक्सपोर्ट म्हटल्यावर पीडीएफ रिपोर्ट नाहीतर स्क्रीनचा फोटो मिळतो ते एक्सपोर्ट नव्हे, ते भिंतीवर लावायचं कॅलेंडर.

पैसे भरायच्या आधी हे करून बघा. एक दिवसाचा व्यायाम टाका, लगेच त्याच दिवशी एक्सपोर्ट करा आणि ती फाईल दुसऱ्या प्रोग्रॅमात उघडा. अंतर, वेळ, हार्टरेट, सेट, वजन जसंच्या तसं आलं तर पुढं बोलू. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि कुणी करत नाही.

तुमच्या बँडची खरी अडचण हीच आहे बघा. स्वस्तातले बरेचसे बँड थेट कॉम्प्युटरला जोडताच येत नाहीत, आधी मोबाईलच्या ॲपला जातात, तिथनं कंपनीच्या सर्व्हरला, आणि आपल्याला मिळतं ते काचेच्या पलीकडनं बघायला. काही मॉडेलना गॅजेटब्रिज नावाचं फुकट ॲप चालतं, कंपनीच्या सर्व्हरला न जाता बँडचा डेटा मोबाईलातच ठेवतं, पण सगळ्या मॉडेलला नाही, त्यांच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते आधी बघायला लागतं. नसेल तर रनिंगला सरळ मोबाईल खिशात घाला आणि ओपनट्रॅक्स चालू करा, अँड्रॉइडवर फुकट, अकाउंट काढायला लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि जीपीएक्स फाईल देतं. अक्षरं बारीक दिसतात म्हणालात, तर मोबाईलवर फक्त स्टार्ट आणि स्टॉप दाबायचं, बाकी बघायचं ते कॉम्प्युटरवर.

आता जिमची शीट. ह्यावर जरा जास्त बोलतो कारण लोकांना वाटतं शीट म्हंजे अडाण्याचं काम आणि ॲप म्हंजे शास्त्र. उलटं आहे. माझ्याकडं मी सगळ्यांना सातच कॉलम देतो: तारीख, व्यायाम, वजन, रेप्स (एका दमात किती वेळा मारलं), कितवा सेट, कष्ट किती वाटले ते एक ते दहा, आणि शेरा. एका सेटला एक ओळ. स्क्वॉटचे चार सेट मारले तर चार ओळी, कंटाळा आला तरी चार ओळी. "६० किलो ४ सेट ५" असं एकाच कप्प्यात लिहिलं की संपलं, त्याची बेरीज पण होत नाही आणि ग्राफ पण. अजून एक गंमत, रेप्सच्या कप्प्यात कुणी ८-१० असं टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, आठ ऑक्टोबर नाहीतर दहा ऑगस्ट, आणि मग महिनाभरानं माणूस विचारतो सर माझे रेप्स एवढे हजार कसे झाले. एक आकडा टाका, खरोखर जेवढे मारले तेवढा.

व्यायामाच्या नावाचं पण तसंच. सोमवारी "बेंच", गुरुवारी "बेंच प्रेस", पुढच्या आठवड्यात "फ्लॅट बेंच", शीटच्या दृष्टीनं हे तीन वेगळे व्यायाम झाले. म्हणून एका बाजूला नावांची यादी करायची आणि डेटा मेनूतनं व्हॅलिडेशन लावून ड्रॉपडाऊन करायचं, म्हंजे निवडायचं फक्त, टाईप करायचं नाही. आमच्याकडं निम्मे लोक कन्नड बोलणारे आहेत, ट्रेनरपैकी एक कन्नडच, पण ड्रॉपडाऊनमध्ये नावं सगळ्यांना कळतील अशी ठेवली की भाषेचा प्रश्नच येत नाही, ६० किलो सगळ्यांना ६० किलोच.

तालमीतनं आलेल्यांसाठी तर शीटच बरी. ॲपच्या यादीत जोर आणि बैठका शोधायला गेलात तर हिंदू पुशअप आणि हिंदू स्क्वॉट म्हणून कुठंतरी तळाला सापडतील, सपाट्या, करेला, गदा, दोरखंड, हौदातली माती ओढणं हे तर विसराच. स्वतःचा व्यायाम ॲड करता येतो बऱ्याच ठिकाणी, पण ॲपची रचनाच तीन सेट दहा रेप्स ह्या हिशोबाची, एका दमात दोनशे बैठका मारणाऱ्या पोराचं ते काय करणार. शीटमध्ये वजनाच्या कप्प्यात शून्य, रेप्स दोनशे, शेऱ्यात किती मिनिटं लागली ते. झालं.

आणि मग खरा फायदा. आठव्या कॉलमात एक फॉर्म्युला टाका, वजन गुणिले (१ अधिक रेप्स भागिले ३०). ह्याला एपलीचा फॉर्म्युला म्हणतात, एका रेपला जास्तीत जास्त किती वजन उचलाल त्याचा अंदाज देतो. ६० किलोचे ५ रेप्स मारले तर ७० येतं. पुढच्या आठवड्यात ६५ चे ३ मारले तर ७१.५. त्याच्या पुढं ५५ चे ८ मारले तर साधारण ६९.७. बघा म्हंजे तीन आठवडे तीन वेगळी वजनं, दिसायला कुठं चढ कुठं उतार, पण ताकद तेवढीच आहे. दोन-तीन महिने हा आकडा सरकत नसेल तर व्यायामाचा प्रोग्रॅम बदलायचा, झोप बघायची, खाणं बघायचं. हा अंदाज कमी रेप्सला बरा, दहाच्या वर गेलात की फार विश्वास ठेवू नका. पैसे घेणारी बरीच ॲपं आत हाच नाहीतर ह्याच्यासारखा फॉर्म्युला चालवतात आणि वर रंगीत ग्राफ काढून देतात.

जिममध्ये कॉम्प्युटर कुठनं आणायचा म्हणाल तर एक पॉकेट वही ठेवा आणि रविवारी घरी शीटमध्ये भरा, भरतानाच आठवडा कसा गेला ते डोळ्याखालनं जातं. वही नकोच असेल तर अँड्रॉइडवर फिटनोट्स आहे, साधं, जाहिराती नाहीत, सीएसव्ही देतं, ती उचलून कॉम्प्युटरवर आणायची. कॉम्प्युटरची थोडी आवड असेल, घरात एखादा जुना पीसी सर्व्हर म्हणून चालवायची खाज असेल तर डब्ल्यूगर नावाचं ओपनसोर्स आहे, स्वतःच्या मशीनवर बसवता येतं, पण तुम्हाला त्या वाटेला जायचं काही कारण नाही.

रनिंग आणि सायकलचं बोलू. गोल्डनचीता मूळचं सायकलवाल्यांचं, पॉवर मीटर वापरणाऱ्यांचं, त्यामुळं पहिल्यांदा उघडलं की स्क्रीनवर एवढे ग्राफ दिसतात की माणूस घाबरून बंद करतो. घाबरू नका, नाव, जन्मतारीख, वजन टाकून ॲथलीट तयार करायचा, फाईल इम्पोर्ट करायची आणि वेग, हार्टरेट, उंची एवढे तीनच ग्राफ ठेवून बाकीचे काढून टाकायचे. एकाच प्रोग्रॅमात तुम्ही, वहिनी आणि पोरगा असे तीन वेगळे ॲथलीट ठेवता येतात. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हंजे प्रत्येक वर्कआऊट तुमच्याच हार्डडिस्कवर साध्या मजकुराच्या फाईलीत असतो, फोल्डर कॉपी केलं की बॅकअप झाला. कुठं लॉगिन नाही, पासवर्ड नाही, लाईट गेली तर गेली, नेट गेलं तर काही फरक नाही.

मायटूरबुक दिसायला जुन्या वळणाचं आहे पण त्यात एक गोष्ट फार कामाची, रस्त्याचा एक तुकडा रेफरन्स म्हणून धरायचा आणि त्या तुकड्यावर तुम्ही जितक्यांदा गेलाय तितक्यांदाचा वेळ ते शोधून समोरासमोर ठेवतं. म्हंजे येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ घ्या, पायथ्यापासून वरपर्यंत, पावसाळ्याआधी किती लागायचा आणि आता किती लागतो ते सरळ दिसतं. स्ट्राव्हा ह्या ऑनलाईन ॲपात हेच सेगमेंट म्हणून आहे आणि तिथं जगाबरोबर तुलना होते, पण २०२० पासनं पूर्ण लीडरबोर्ड पैसे भरणाऱ्यालाच दिसतो. तुम्हाला जगाशी काय करायचंय, स्वतःशी तुलना फुकटात होते. दोन्हीतलं कुठलं असं विचाराल तर तुमच्यासाठी मायटूरबुक, हार्टरेटचा पट्टा पुढं घेतलात आणि आकड्यात शिरायची आवड लागली तर गोल्डनचीता. फाईली त्याच, त्यामुळं बदलायला काही लागत नाही.

जांबोटीच्या पुढं कणकुंबी, चोर्ल्याकडं गेलात की मोबाईलला रेंज नसते आणि लोकांना वाटतं आता रेकॉर्डिंग बंद पडलं. जीपीएस सॅटेलाईटवरनं येतं, त्याला सिमची रेंज लागत नाही, फक्त नकाशा दिसत नाही आणि रेंज नसलेल्या जागी नव्यानं चालू केलं तर जागा पकडायला वेळ जास्त लागतो. म्हणून घरनंच चालू करून निघा. दाट झाडीत आणि घाटात रेष थोडी इकडंतिकडं होणारच. उंचीचं तर विचारूच नका, दोघं एकत्र जाऊन आले तरी एकाचा चढ चारशे मीटर आणि दुसऱ्याचा सहाशे असं होऊ शकतं, कारण नुसत्या जीपीएसची उंची सारखी वरखाली होत असते आणि सॉफ्टवेअर त्यातला प्रत्येक उसळा चढ म्हणून मोजतं. ज्या घड्याळात हवेच्या दाबावर उंची मोजणारा सेन्सर असतो त्याचं बरं येतं. नसेल तर मायटूरबुकमध्ये नकाशातल्या उंचीवरनं दुरुस्ती करता येते, ती करा आणि मगच तुलना करा. आणि ऑटोपॉझ बंद ठेवा, चढावर हळू झालात की ते थांबलात असं धरतं आणि वेळ खातं.

जिम, रनिंग, सायकल तिन्ही एकत्र कसं बघायचं हा तुमचा प्रश्न चांगला होता आणि ह्याला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही. व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासानं स्वतःला विचारायचं, शून्य ते दहामध्ये आजचा दिवस किती जड गेला, आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. कार्ल फॉस्टर म्हणून अमेरिकेतले संशोधक आहेत त्यांची ही पद्धत, सेशन आरपीई म्हणतात, कोच लोक जगभर वापरतात. ४० मिनिटं धावलात आणि ५ वाटलं तर २००. तासभर जिम आणि ७ वाटलं तर ४२०. ७५ मिनिटं सायकल, ४ वाटलं, ३००. झाले ९२०. शीटच्या दुसऱ्या पानावर आठवड्याची एवढी बेरीज ठेवा. ९२० वरनं एकदम १५०० वर उडी मारली की पुढच्या आठवड्यात गुडघा नाहीतर पोटरी बोलायला लागते. आणि तुमची शिफ्ट ड्युटी आहे म्हणून अजून एक कॉलम, शिफ्ट कुठली होती. नाईटच्या आठवड्यात तेच रनिंग ५ ऐवजी ७ वाटतं की नाही बघा. फौंड्रीत भट्टीजवळ आठ तास उभं राहून आलेला माणूस आणि एसीत बसून आलेला माणूस ह्यात ॲपला फरक कळत नाही, तो तुम्हीच लिहायचा. मोठ्या सॉफ्टवेअरात ४२ दिवसांची आणि ७ दिवसांची सरासरी काढून फिटनेस आणि थकवा असे दोन ग्राफ दाखवतात, गोल्डनचीतात पण आहे, बघायला मजा येते, पण आठवड्याला दोन दिवस पळणाऱ्याला ह्या बेरजेत काम भागतं.

आता कशावर विश्वास ठेवू नये. कॅलरी. बँडवर, ट्रेडमिलवर, ॲपमध्ये, कुठंही दिसणारा "एवढ्या कॅलरी जळाल्या" हा आकडा. स्टॅनफर्डमध्ये २०१७ ला सात मनगटी यंत्रं तपासली, हार्टरेट सातपैकी सहांचा पाच टक्क्यांच्या आत बरोबर आला, पण कॅलरीत सगळ्यात चांगल्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. म्हंजे ३०० दाखवतंय म्हणून तुम्ही वर दोन कुंदे उचलून खाल्ले तर कुंद्याचा हिशोब पक्का आणि जळालेल्याचा कच्चा. सॉफ्टवेअर निवडताना कॅलरीचा ग्राफ किती छान आहे हे बघणं सोडून द्या.

पावलांचं पण तसंच. बँड पाय मोजत नाही, हात हलला की मोजतो. वडगाव-खासबागला मागावर काम करणारे आमचे काही लोक आहेत, हात दिवसभर हलतोय, संध्याकाळी पावलांचा आकडा बघून गडी खूश. खड्ड्यातनं मोटरसायकल चालवली तरी थोडी पावलं पडतातच. मनगटावरचा हार्टरेट चालताना धावताना बरा येतो, पण डंबेल घट्ट धरलं की मनगटातल्या शिरा आणि स्नायू आवळतात आणि आतला दिव्याचा सेन्सर गडबडतो. जिमच्या दिवशी हार्टरेट बघायचाच असेल तर छातीचा पट्टा घ्यायला लागतो, तो थेट हृदयाचे विजेचे ठोके पकडतो.

सॉफ्टवेअरात हार्टरेटचे झोन (हलकं, मध्यम, जोराचं असे ठोक्यांचे टप्पे) असतात ते बरेचदा २२० वजा वय ह्या हिशोबानं आपोआप भरलेले असतात. दुसरा एक फॉर्म्युला आहे २००१ चा, तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळीशीत दोन्हीचं उत्तर १८० च येतं, तुमच्या वयाला पण एक-दोन ठोक्यांचाच फरक, पण साठीला एक १६० म्हणतो आणि दुसरा १६६. आणि हे दोन्ही सरासरीचे, एका माणसाला दहा ठोके इकडंतिकडं सहज.

वहिनींचं मात्र वेगळं. बीपीची गोळी कुठली आहे ते बघा, मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल अशा बीटाब्लॉकर गटातली असेल तर ती हृदयाचे ठोकेच वाढू देत नाही. मग सॉफ्टवेअर म्हणणार तुम्ही आरामात आहात, अजून जोरात चला, आणि त्या बिचाऱ्या घामाघूम. त्यांच्यासाठी झोन बंद करून टाका. चालताना वाक्य पूर्ण बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा वेग पुरे, आणि डॉक्टरला एकदा विचारून घ्या. त्यांच्या शीटला चारच कॉलम: तारीख, मिनिटं, सकाळचं बीपी वरचं आणि खालचं. डॉक्टरकडं जाताना तेवढीच प्रिंट न्यायची, ती त्यांना कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी. दहा हजार पावलांचं टेन्शन त्यांना देऊ नका, तो आकडा १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढं आला, कुठल्या डॉक्टरनं तपासून दिलेला नव्हता. वयस्कर बायकांवर झालेल्या २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात साडेसात हजाराच्या आसपास फायदा थांबलेला दिसला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासनं सुरू झालेला.

खाण्याची नोंद त्यातच ठेवू नका, दोन गोष्टी एका जागी भरायला गेलं की नव्याचे नऊ दिवस होतात आणि दोन्ही बंद पडतात. ठेवायचीच असेल तर परदेशी ॲपच्या यादीत भाकरी, झुणका, आंबोळी शोधत बसण्यापेक्षा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे (एनआयएन) २०१७ चे तक्ते आहेत, त्यातनं आपण रोज खातो तेवढ्या वीस-पंचवीस वस्तू शीटमध्ये उतरवून घ्या. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रोटीन धरा. पीठ एकदा काट्यावर वजन करून भाकरी करायला सांगा म्हंजे आपल्या घरची भाकरी किती ग्रॅमची ते कळेल, घरोघरी वेगळी असते.

ऑनलाईन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं, विशेष करून जे कॅम्पात आणि सांबऱ्याकडं पळतात त्यांना. स्ट्राव्हानं जगभरच्या लोकांचे रस्ते एकत्र करून एक नकाशा काढला होता आणि जानेवारी २०१८ ला लोकांच्या लक्षात आलं की त्यात लष्कराच्या तळांच्या आतल्या वाटा चमकायल्यात. आपल्या गावात मराठा लाईट इन्फन्ट्रीचं सेंटर आहे, एअरफोर्स आहे. तिथं नोकरीला असाल किंवा आत पळायला जात असाल तर रूट पब्लिक ठेवू नका. आणि बाकीच्यांनी पण घराच्या आसपासचा भाग लपवायची सेटिंग चालू करा, रोज पहाटे साडेपाचला तुम्ही घरात नसता हे अख्ख्या जगाला कशाला सांगायचं.

मग पैसे कधी भरावेत? एखादा कोच तुम्हाला लांबनं प्रोग्रॅम देतोय आणि त्याच सॉफ्टवेअरात तो बघतो, तर भरा, कारण ते पैसे कोचिंगचे आहेत. मॅरेथॉन किंवा मोठ्या सायकल राईडची तारीख धरून तयारी करताय तर तेवढे महिने भरा, वर्षाचं नको. त्याच्या आधी इंटरव्हल्स डॉट आयसीयू बघा, वेबवर चालतं, बरंचसं फुकट आणि पैसे घेणाऱ्या कित्येकांपेक्षा वरचढ. आणि कुणी क्रॅक करून देतो म्हणालं तर हात जोडा. पेनड्राईव्हमधनं आलेल्या क्रॅकबरोबर काय काय येतं ते बघायचं असेल तर कुठल्याही कॉम्प्युटर रिपेरवाल्याकडं तासभर बसा.

तुमचा पीसी विंडोज १० चा आहे म्हणालात, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालतं, पण सिक्युरिटीचे फुकट अपडेट आता सरसकट येत नाहीत. मी सांगितलेली तिन्ही, कॅल्क, गोल्डनचीता आणि मायटूरबुक, लिनक्सवर पण चालतात, त्यामुळं नवीन घ्यायची घाई नाही, पोराला बसवायला सांगा. महिन्यातनं एकदा सगळं फोल्डर पेनड्राईव्हवर आणि एक कॉपी गुगल ड्राईव्हवर.

पोराचं शेवटी. लष्कर भरतीची धाव १.६ किलोमीटर, त्याला जीपीएस वापरूच नका. गोल मैदानावर जीपीएस वळणं कापतं नाहीतर फुगवतं, आणि एवढ्याशा अंतरात पन्नास मीटरची चूक म्हंजे दहा-पंधरा सेकंद, तिथंच सगळा खेळ. ४०० मीटरचा ट्रॅक मिळाला तर चार फेऱ्या, नाही मिळाला तर गावच्या मैदानावर टेपनं दोनशे मीटर मोजून चुना मारा आणि आठ फेऱ्या. साधं स्टॉपवॉच, लॅपचं बटन असलेलं, आणि शीटमध्ये प्रत्येक ४०० चा वेळ वेगळ्या कप्प्यात. समजा १:१५, १:२२, १:२८, १:२५ असं आलं, एकूण ५:३०. नुसतं ५:३० लिहिलं असतं तर काही कळलं नसतं, पण चार कप्पे बघितले की दिसतंय पोरगं पहिली फेरी जोशात मारतंय आणि तिसरीत मरतंय. पहिली १:२० ला धरायला लावा आणि महिनाभर बघा तिसरी किती खाली येते. पात्रतेची वेळ आणि मार्क त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमध्येच बघायचे, दुसऱ्या कुणी सांगितलेलं धरायचं नाही.

बँडचं मॉडेल कुठलं आहे ते तेवढं कळवा, डबीच्या मागं बारीक अक्षरात असतं, पोराला वाचायला सांगा. गॅजेटब्रिजला चालतंय का ते बघून सांगतो.